भोंगाबाईंची ऐकण्याची नोकरी

भोंगाबाईंना ऐकण्याची नोकरी लागली ही बातमी बसस्थानकावर पोहोचली, तेव्हा तिथल्या कंट्रोलरला चहाचा ठसका लागला. त्याचंही काही चुकलं नाही. या बाईंनी उमेदीची सारी वर्षं त्या स्थानकाच्या काचेच्या खोलीत माइकपुढे घालवलेली. कुठली गाडी कुठं लागली, कुणाचं पोर हरवलं, कुणाची छत्री सापडली, हे त्यांनी जगाला ओरडून सांगितलं, आणि उलट बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती, कारण माइकशी वाद घालता येत नाही. अशा बाई आता दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा पगार घेणार होत्या.

भोंगा हे नाव स्थानकावरच्या लोकांनी ठेवलेलं. ते बाईंच्या मागोमाग घरी आलं आणि इमारतीतल्या पोरांच्या तोंडी बसलं. बाईंना त्याचा कधी राग आला नाही. आवाज ही त्यांची कमाई होती आणि ती झाकून ठेवायचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं. घरातही त्या बोलत म्हणजे सूचनाच देत. दूध उतू जाणार असेल तर खालच्या मजल्यावरची बाईसुद्धा आपला गॅस बंद करून मोकळी होई.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. माणूस अगदी बारीक आवाजाचा, डोळ्याला भिंग लावून दिवसभर चाकांशी खेळणारा. उतारवयात, सगळे त्यांना आजोबा म्हणू लागल्यावर, त्यांना कमी ऐकू येऊ लागलं आणि कानात यंत्र आलं. हे कान बाईंच्या बोलण्यानंच गेले असं शेजारी म्हणत. त्यावर आजोबा हसून म्हणत, "नाही हो. कान तसे वयानं गेले. तिच्यामुळं फक्त ते गेल्याचं उशिरा कळलं."

या दोघांना एकच मुलगा. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. वडिलांसारखा अबोल आणि आईसारखा तापट, म्हणजे दोन्हीकडचं नको ते नेमकं उचललेलं. त्याची बायको वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेली होती आणि नऊ वर्षांच्या ठमीला तो एकटा सांभाळत होता. ठमी म्हणजे बाईंचा जीव की प्राण. दर रविवारी बापलेक जेवायला येत आणि त्या दिवशी बाईंचा आवाज जिन्यात पार खालच्या पायरीपर्यंत स्वागताला जाई.

तर ती नोकरी. मुलं आणि आईबाप यांचा अभ्यास करणारी एक संस्था होती. वरच्या मजल्यावर संशोधन करणारी मंडळी बसत आणि खालच्या मजल्यावर फोन. मुलाचं काही बिनसलं, आपलंच डोकं फिरलं, काय करावं सुचेना झालं, की आईबापांनी तिथं फोन करायचा. संस्थेला स्पष्ट आवाजाची, सावकाश बोलणारी माणसं हवी होती. निवृत्त होऊन घरात बसलेल्या बाई, म्हणजे घरातल्यांवर बसलेल्या बाई, अर्ज घेऊन गेल्या.

तिथल्या प्रमुखांना सगळे डॉक्टरबाई म्हणत. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. कुटुंबांचा अभ्यास करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी परीक्षा म्हणून शेजारच्या खोलीतून बाईंना फोन लावला आणि मुलगा अभ्यास करत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या आईचं सोंग घेतलं. आईचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंनी मुलाच्या झोपेची वेळ, टेबलाची जागा आणि बापाची जबाबदारी असं सगळं ठरवून दिलं. मग अभिमानानं त्या खोलीत गेल्या.

"सल्ला अगदी बरोबर होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त मी फोन केव्हाच ठेवला होता."

तरी त्यांनी बाईंना ठेवून घेतलं. का, ते त्यांचं त्यांना माहीत. बहुधा आवाजात माया आहे, ती फक्त घाईत आहे, हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी बाईंना बसवून समजावलं, की फोन करणाऱ्यांच्या परवानगीनं त्यांचं बोलणं वरची मंडळी पुन्हा पुन्हा ऐकतात आणि त्यातून एक गोष्ट दिसते. आईबापांना लगेच सल्ला दिला की ते बरं बरं म्हणतात, फोन ठेवतात आणि घरी जाऊन काहीच करत नाहीत. पुरतं बोलू दिलं की बोलता बोलता त्यांच्याच हाताला धागा लागतो. म्हणून आधी ऐकायचं. मग विचारायचं, आज दिवसभरात पोराचं आणि तुमचं काय बरं गेलं. काहीतरी बरं गेलेलं असतंच, पण वैतागलेल्या माणसाला ते आठवत नाही. सल्ला त्यानंतर, आणि तोही मागितला तरच.

बाईंना हे सगळं पटलं. पण पटणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं. चार फोन झाले, चारही वेळा त्यांनी मध्येच उडी मारली. शेवटी त्यांनी स्वतःवरच उपाय काढला. फोन उचलला, नमस्कार झाला, की तोंडात लिमलेटची गोळी टाकायची. गोळी विरघळेपर्यंत हं आणि हं हं याखेरीज शब्द काढायचा नाही. चावायची तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा चावली आणि दोन्ही वेळा प्रामाणिकपणे नवी टाकली.

उपाय लागू पडला. एक बाप पोरगा मोजे घालत नाही म्हणून भांडायच्या आवेशात आला, मोज्यांवरून शाळेवर घसरला, शाळेवरून स्वतःच्या नोकरीवर, आणि गोळी संपायच्या सुमाराला म्हणाला, की सकाळी घाई मलाच असते, त्याला बिचाऱ्याला नसते. एका आईनं बाथरूममध्ये कडी लावून फोन केला. तिला सल्ला नको होता, निवांत बसायला जागा हवी होती आणि तिथं गप्पा मारायला कुणीतरी. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त मास्तर बसत, मऊ आवाजाचे. त्यांनी हे पाहिलं आणि एक गोळी मागून घेतली. हळूहळू तळमजल्यावर सगळ्यांच्याच गालाला फुगवटा आला. डॉक्टरबाईंनी दातांच्या काळजीनं बिनसाखरेच्या गोळ्यांचा डबा आणून ठेवला. चवीला त्या अगदीच भिकार होत्या, पण तिथं चवीसाठी कोण खात होतं.

आणखी एक नियम होता आणि तो मोडायची कुणाला मुभा नव्हती. फोनवर ओळखीचं माणूस निघालं तर फोन शेजारच्याकडे द्यायचा, आणि ते काय बोलले याची नंतर चौकशी करायची नाही. माणूस परक्यापाशी मन मोकळं करतो, ओळखीच्यापाशी लाज राखतो, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं.

आता तुम्हाला वाटेल, दिवसभर एवढं ऐकणारी बाई घरीही सुधारली असेल. छे. तळमजल्यावरचं शहाणपण बाई तळमजल्यावरच ठेवून येत. घरात गोळी नव्हती आणि समोरची माणसं परकी नव्हती. मुलानं नुसतं "ठमी हल्ली..." म्हटलं, की पुढचं सगळं बाईंना आधीच माहीत असे. मग तोही वाक्य तिथंच सोडून देई. वर्षानुवर्षं त्याची कितीतरी वाक्यं त्या घरात अर्धवट पडलेली होती.

आणि मग तो रविवार झाला. ठमीच्या हातून पाण्याचा पेला पडला, तसा मुलगा तिच्यावर खेकसला. ठमीनं डोळे मिटले आणि खांदे कानांपर्यंत ओढून घेतले. ते बाईंनी पाहिलं. त्या क्षणी पोरीला जवळ घेऊन गप्प बसल्या असत्या तर भागलं असतं. पण त्या बोलल्या, आणि बोलल्या म्हणजे सगळ्या इमारतीला कळेल असं बोलल्या. पोरीला धाक घालतोस, अशानं घुमी होईल, बायको इथं नाही म्हणून तिच्यावर राग काढतोस का, मी अशी शंभर घरं रोज ऐकते. ठमीसमोर. मुलगा उठला. त्यानं ठमीच्या पायात चपला घातल्या आणि दोघं निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आजोबांनी फोन केला की मुलगा कामाचं कारण सांगे. बाई दोघांची ताटं काढून ठेवत आणि नंतर परत मांडणीत ठेवत. ठमीला आपण गमावतोय की काय, या विचारानं त्यांना जेवण जाईना. आपलं म्हणणं खरं होतं याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका नव्हती याचाच जास्त त्रास होत होता.

अशातच एका दुपारी तळमजल्यावर फोन वाजला. बाईंनी नमस्कार केला, गोळी तोंडात टाकली. पलीकडं मागं कुठंतरी लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला.

"मला मुलगी आहे," तो आवाज म्हणाला. "नऊ वर्षांची."

गोळी बाईंच्या घशातच जायची. त्यांचा मुलगा होता तो. कुठल्यातरी इमारतीत, लिफ्टच्या बाजूला उभा राहून बोलत होता.

"मी तिच्यावर ओरडतो. म्हणजे मारत नाही, कधीच नाही. पण ओरडतो. आणि मला ते..." तो थांबला. वाक्य पुढं कुणी तोडतंय का, याची जणू वाट पाहिली त्यानं.

"हं," बाई म्हणाल्या.

त्या एका हंमध्ये त्यांचा जीव गोळा झाला होता. त्यानं आपल्याला ओळखलं नाही, हे त्यांना उघड दिसत होतं. फोनवरचा आवाज हलका, सावकाश. असला आवाज त्या पोरानं आयुष्यात ऐकला नव्हता. आता नुसतं गप्प बसायचं, की तो सगळं सांगेल. जे घरी कधी सांगणार नाही तेही सांगेल. एवढी वर्षं ज्या दाराबाहेर उभ्या होत्या ते दार आपणहून किलकिलं झालं होतं.

पण हे चोरून ऐकणं झालं असतं. परकी बाई समजून तो बोलणार आणि ऐकणार आई. बाई आगाऊ होत्या, पण लबाड नव्हत्या. त्यांनी गोळी रुमालात काढली, आवाज जमेल तेवढा बदलला आणि म्हणाल्या, "जरा थांबा हं. आमचे मास्तर आहेत, ते तुमच्याशी बोलतील." फोन शेजारी दिला आणि पाणी प्यायला उठून गेल्या. परत आल्या तेव्हा मास्तरांचा गाल फुगलेला होता आणि ते डोळे मिटून ऐकत होते. फार वेळ ऐकत होते. बाई पाठ फिरवून बसल्या आणि पुढचा फोन वाजावा म्हणून मनातल्या मनात धावा करत राहिल्या.

ते दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मास्तरांना विचारायची सोय नाही. मुलाला विचारायची तर त्याहून नाही. विचारलं की कळणार, फोन आपण उचलला होता. नवऱ्याला सांगावं तर तेही नियमात बसेना. पोटात एवढी मोठी गोष्ट ठेवायची बाईंना सवय नव्हती, तिथं नेहमी लगेच रिकामं होत असे. घर इतकं शांत झालं, की आजोबांनी कानातलं यंत्र काढलं, भिंगाखाली धरलं, पुसलं, नवा सेल घातला आणि तरीही काही ऐकू येईना तेव्हा घाबरून म्हणाले, "अगं, काहीतरी बोल बघू. हे बिघडलंय की तू?"

"मी," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या रविवारी न कळवता मुलगा आला. ठमी पुढं, तो मागं. बाईंनी दार उघडलं, पण जिन्यात आवाज गेला नाही. ठमीला पोटाशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. जेवणं झाली. ठमी आजोबांच्या टेबलापाशी भिंगातून घड्याळाचं पोट बघायला बसली. बाई भांडी घासायला लागल्या आणि मुलगा फडकं घेऊन पुसायला उभा राहिला. हे त्यानं यापूर्वी कधी केलं नव्हतं. बाईंना दहा गोष्टी सुचल्या. एकही त्या बोलल्या नाहीत.

एक ताट पुसून झालं, दुसरं झालं.

"तू मला त्या मास्तरांकडं का दिलंस?" मुलानं विचारलं.

बाईंच्या हातातून घासणी पाण्यात पडली.

"तू ओळखलंस?"

"आई, तुझा आवाज मी नाही ओळखणार? हळू बोललीस म्हणून काय झालं." तो ताटाकडेच बघत होता. "मी मुद्दाम तुझ्या वेळेला लावला होता फोन. आधी दोनदा दुसऱ्याच कुणी उचलला, तेव्हा ठेवून दिला."

"ओळखीच्याचा फोन घ्यायचा नाही, असा नियम आहे रे आमच्यात," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुला परकं माणूस हवंय."

"मला तू हवी होतीस," तो म्हणाला. "बाबा सांगतात ना, तिथं तू एक शब्द मध्ये बोलत नाहीस, लोक तासन् तास बोलतात तुझ्याशी. म्हटलं, आपणही बघू. फोनवर तरी ऐकेल."

बाईंनी नळ बंद केला. त्यांना एकदम खूप काही सांगायचं होतं. की मला माहीत असतं तर. की तू घरी कधी बोललाच नाहीस. की मी स्थानकावर उभ्या उभ्या दिवस काढून यायचे, पाय सुजलेले असायचे. हे सगळं खरं होतं आणि सगळं ओठापर्यंत आलं होतं. त्या स्टुलावर बसल्या.

"इथं तसला काही नियम नाही," त्या म्हणाल्या. "घर आहे हे."

मुलगा ओट्याला टेकला. बाहेरच्या खोलीत आजोबा ठमीला कुठलंसं चाक दाखवत होते. मग तो बोलायला लागला. मास्तर चांगले होते, म्हणाला. त्यांनी सांगितलं की ओरडणं झालं तर झालं, पण नंतर पोरीपाशी जाऊन बसायचं आणि सरळ सांगायचं, की मी ओरडलो, ते चुकलं, त्यात तुझी काही चूक नव्हती. तसं केलं मी. ती म्हणाली, उद्या नाही ना ओरडणार? मी म्हटलं, प्रयत्न करीन. ती म्हणाली, बरं. एवढंच.

"हं," बाई म्हणाल्या.

"पण मास्तरांना एक गोष्ट नाही सांगता आली." त्यानं फडक्याची घडी केली, मोडली. "मी कामावरून आलो की ती दारातच विचारते. बाबा, आज तू रागावलायस का? रोज विचारते. आधी ते, मग बाकीचं. आणि पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मला आठवलं, की मी पण विचारायचो. शाळेतून आलो की दुकानात जाऊन बाबांना विचारायचो, आई रागावली आहे का. ते काहीही म्हणाले तरी तिथंच बसून राहायचो."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते त्यांनी पुसलंही नाही. हात साबणाचे होते.

"मग बाबा काय म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

"म्हणायचे, नाही रे, ती रागावलेली नाही. तिचा आवाजच मोठा आहे." तो जरासा हसला. "मला ते कधी खरं वाटलं नाही. आता मोठेपणी वाटतं. पण तेव्हा नाही वाटलं, आई."

बाईंनी मान हलवली. पुढं तो पुष्कळ बोलला. बायकोची आठवण येते ते. लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर पोरीच्या डब्याची काळजी कशी लागते ते. रात्री ती झोपल्यावर तिच्याकडं बघत बसतो आणि सकाळी पुन्हा वेणीवरून ओरडतो ते. काही ठिकाणी अडखळला, काही ठिकाणी तेच तेच दोनदा सांगितलं. बाई ऐकत होत्या. एकाही वाक्याचं शेपूट त्यांनी धरलं नाही.

एवढी शांतता या घरात ठमीनं कधी ऐकली नव्हती. तिला ती खटकली असावी. ती उठून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उंबऱ्याबाहेरच थांबली. बापाकडं पाहिलं, आजीचा ओला चेहरा पाहिला. खांदे हळूच वर गेले.

"आजी, तू रागावलीस का?"

मुलगा काही सांगायला वळला, पण विचारलं आजीला होतं.

"नाही गं राणी," भोंगाबाई म्हणाल्या, इतक्या हळू की ठमीला ऐकायला आत यावं लागलं. "तुझा बाबा बोलतोय ना."

ठमीनं थोडा विचार केला. मग ती बापाच्या पायाला पाठ टेकून खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "बोल बाबा."